धूसर कुठे, स्पष्ट कुठे : व्हिडिओत ब्लर वापरताना काय करावे, काय टाळावे

व्हिडिओ एडिटिंगचं कोणतंही सॉफ्टवेअर उघडा, ब्लर हाताशीच असतो. क्लिपवर ओढायचा, स्लायडर सरकवायचा, काम झालं. इतका सोपा असल्यामुळेच तो सर्रास वापरला जातो आणि फारसा विचार न करता वापरला जातो. वास्तविक ब्लर लावणं म्हणजे प्रेक्षकाला ‘इथे नको, तिकडे बघ’ असं सांगणं, किंवा ‘हे मी तुला दाखवणार नाही’ असं सांगणं. हे दोन्ही निर्णय जबाबदारीचे आहेत. लग्नाच्या फिल्मपासून लघुपटापर्यंत आणि मोबाईलवरच्या रीलपासून बातमीच्या बाइटपर्यंत, जो कुणी टाइमलाइनवर बसतो त्याला ते घ्यावेच लागतात. पुढच्या सूचना त्यासाठी आहेत.

आधी कारण, मग इफेक्ट

करा : ब्लर लावण्याआधी एका वाक्यात कारण सांगून बघा. ‘ही बाई शुद्धीवर येते आहे, तिला अजून नीट दिसत नाही.’ ‘मागच्या पाटीमुळे बोलणाऱ्याकडे लक्ष राहत नाही.’ ‘या मुलाचा चेहरा दिसता कामा नये.’ असं वाक्य तयार होत असेल तर ब्लरला जागा आहे. ‘छान दिसतं’ एवढंच सुचत असेल तर थांबा.

करा : ज्यांनी ब्लरला गोष्टीत सामावून घेतलं त्यांचे सिनेमे आवाज बंद करून बघा. ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’ (२००७) या ज्युलियन श्नाबेलच्या चित्रपटात पक्षाघाताने जखडलेल्या ज्याँ-डोमिनिक बोबीला शुद्ध येते आणि बराच वेळ आपण त्याच्याच डोळ्यांनी बघत राहतो. फोकस हलतो, कडा विरघळतात, डॉक्टरांचे चेहरे फार जवळ येऊन अस्पष्ट होतात. तिथे ब्लर हीच पात्राची अवस्था आहे. वुडी ॲलनच्या ‘डिकन्स्ट्रक्टिंग हॅरी’त (१९९७) रॉबिन विल्यम्सने साकारलेला नट स्वतःच आउट ऑफ फोकस होतो. आजूबाजूचे सगळे स्पष्ट, तो एकटा धूसर. आज एक मास्क आणि एक ब्लर एवढ्यावर कुणालाही करता येईल असं हे काम, पण त्यामागची कल्पना स्लायडरमधून येत नाही.

लास्लो नेमेशच्या ‘सन ऑफ सॉल’चा (२०१५) अभ्यास तर प्रत्येक एडिटरने करावा. आउशविट्झच्या छळछावणीत प्रेतं हलवण्याच्या कामाला जुंपलेल्या एका कैद्याची ही गोष्ट. छायालेखक मात्याश एर्देली कॅमेरा त्याच्या चेहऱ्याला किंवा मानेला खेटून ठेवतो. मागे जे चाललं आहे ते जवळजवळ पूर्ण वेळ फोकसबाहेर. आकार कळतात, रंग कळतात, आवाज तर अगदी स्पष्ट ऐकू येतात, पण नजर तिथे पोचत नाही. मेलेल्यांचं प्रदर्शन मांडायचं नाही आणि रोज हे बघणाऱ्या माणसाने स्वतःला कसं आंधळं करून घेतलं असेल तेही सांगायचं, या दोन्ही गोष्टी त्या धूसरपणातून साधतात. हा ब्लर कॅमेऱ्यातला आहे, एडिटिंगमधला नाही. पण शिकण्यासारखं तेच आहे : आवाज स्पष्ट ठेवला तर चित्र धूसर करूनही दृश्याची ताकद वाढते. आपल्या ब्लरखाली ध्वनी काय चालला आहे ते म्हणूनच नेहमी तपासा.

टाळा : फ्लॅशबॅक आला की कडा पांढुरक्या धूसर, स्वप्न आलं की सगळी फ्रेम मऊ, ही ठरीव खूण. प्रेक्षक आता कटवरूनच काळ बदलल्याचं ओळखतो. कडा धूसर करायच्याच असतील तर त्या काळाशी नातं असलेलं कारण हवं. ‘द असॅसिनेशन ऑफ जेसी जेम्स’मध्ये (२००७) रॉजर डीकिन्सने निवेदनाच्या जागी मुद्दाम बनवून घेतलेल्या लेन्स वापरून कडा विरघळवल्या, कारण ती दृश्यं एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या फोटोंसारखी भासायला हवी होती.

टाळा : ज्या फ्रेमचं मोठेपण सगळं एकदम दिसण्यात आहे तिथे ब्लर. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मधल्या (२०१४) दूरच्या, स्थिर फ्रेम आठवा. कोपऱ्यात बसलेला माणूस, मागून जाणारा शिपाई, समोरचे वकील, सगळं एकसारखं स्पष्ट. कुठे बघायचं ते आपण ठरवतो. अशा चित्रणात मागची माणसं धूसर केली तर दिग्दर्शकाने प्रेक्षकाला दिलेलं स्वातंत्र्यच आपण काढून घेतो.

कोणता ब्लर कशासाठी

गॉसियन : सगळीकडे सारखा पसरणारा, गुळगुळीत. मजकुरामागची पार्श्वभूमी शांत करायला, ग्लो तयार करायला चांगला. लेन्सची नक्कल करायला नाही.

बॉक्स : हिशोबाला हलका, त्यामुळे रेंडर लवकर होतो. तोच तीनदा लावला की परिणाम जवळजवळ गॉसियनसारखा दिसतो. जुना लॅपटॉप असेल तर हा लक्षात ठेवा.

लेन्स ब्लर : दिव्यांचे गोल ठिपके होतात ते यात. फोकस गेल्याचा भास हवा असेल तर हाच.

डायरेक्शनल : एका दिशेने ओढलेला. हालचालीसाठी.

रेडियल आणि झूम : एका बिंदूभोवती फिरणारा किंवा त्या बिंदूतून बाहेर धावणारा. तो बिंदू फ्रेमच्या मध्यावर तसाच सोडू नका. डोळ्यावर, किंवा रस्त्याच्या रेषा जिथे मिळतात तिथे नेऊन ठेवा.

मोझॅक : चौकटी-चौकटींचा. लपवाछपवीच्या कामाचा समजला जातो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

सर्जनशील उपयोग आणखी एक आहे, तो फायनल व्हिडिओत दिसत नाही. चित्रकार डोळे किलकिले करून चित्राचा तोल बघतात. तसं टाइमलाइनवर सर्वांत वर एक ॲडजस्टमेंट लेअर टाका, त्यावर दणदणीत गॉसियन लावा आणि पूर्ण सीन चालवून बघा. तपशील नाहीसे होतात, उरतात फक्त उजेड-अंधाराचे ठोकळे. कोणत्या कटला नजर डावीकडून एकदम उजवीकडे फेकली जाते, कुठे मागची खिडकी चेहऱ्यापेक्षा जास्त उजळ आहे, ते लगेच कळतं. बघून झालं की तो लेअर काढून टाका.

फोकस गेल्याचा भास

मोबाईलचा सेन्सर लहान. त्यामुळे जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट येतं आणि मग मागचं धूसर करायचा मोह होतो. ब्लरच्या सगळ्या प्रकारांत खोटेपणा सर्वांत लवकर उघडा पडतो तो इथे.

करा : अंतरानुसार ब्लर वाढवत न्या. खऱ्या लेन्समध्ये माणसाच्या पायाशी असलेली फरशी त्याच्याइतकीच स्पष्ट असते आणि मागे जाईल तशी हळूहळू विरघळते. माणूस मास्कने कापून मागचं सगळं एकाच मापाने धूसर केलं की तो जमिनीवर उभा न राहता चिकटवलेला दिसतो. जमीन दिसत असेल तर खालून वर जाणारा ग्रेडियंट मास्क वापरा. आफ्टर इफेक्ट्सचा कॅमेरा लेन्स ब्लर खोलीचा नकाशा, म्हणजे डेप्थ मॅप, वाचू शकतो. दा विंची रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीत तो नकाशा सॉफ्टवेअर स्वतःच तयार करतं. आयफोन १३ पासून (२०२१) आलेल्या सिनेमॅटिक मोडमध्ये शूट केलं असेल तर फोकस नंतरही बदलता येतो. पण मोकळे केस, चष्म्याची काच, गजरा, झिरझिरीत पदर अशा जागी हे सगळे स्वयंचलित मास्क अडखळतात. तिथे हाताने दुरुस्ती करायला वेळ राखून ठेवा.

करा : रॅक फोकस, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर सरकणारा फोकस, थरांत बांधा. समजा, ओट्याशी उभी आई पुढे आहे आणि मागे दारात मुलगा. शूट मोबाईलवर झालं आहे, दोघंही स्पष्ट. क्लिपच्या दोन प्रती एकावर एक ठेवा. वरच्या प्रतीत आई मास्कने वेगळी काढा. खालच्या प्रतीला तसाच ब्लर दिलात तर आईच्या साडीचा रंग तिच्या भोवती पसरून एक मंद वलय दिसेल. म्हणून खालच्या थरातून आधी आईलाच ढोबळपणे पुसा. शेजारच्या भिंतीचा तुकडा क्लोन करून तिच्या जागी भरला तरी चालतो, कारण ते वरच्या थराखाली झाकलं जाणार आहे.

आता कीफ्रेम. सुरुवातीला मागचा थर धूसर, आई स्पष्ट. मग १२ ते १५ फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर साधारण अर्ध्या सेकंदात, आईचा ब्लर वाढवत न्या आणि मागचा उतरवत आणा. मध्ये क्षणभर दोघंही अर्धवट धूसर राहू द्या, लेन्स तसंच करते. आईचा थर धूसर होताना तिची कडाही पसरली पाहिजे आणि मागच्या चित्रावर सांडली पाहिजे. म्हणजे ब्लर मास्कच्या आत न लावता कापलेल्या पूर्ण आकाराला लावा. पुढची धूसर वस्तू मागच्यावर पसरते, मागची धूसर वस्तू पुढच्या स्पष्ट वस्तूवर कधीच पसरत नाही. हा एक नियम पाळला की निम्मा खोटेपणा जातो. फोकस बदलताना फ्रेम १०० वरून १०१ टक्के मोठी केली तर आणखी खरं वाटतं, कारण बऱ्याच लेन्स फोकस हलवताना किंचित आत-बाहेर होतात.

फोकस कधी हलवायचा हे सर्वांत महत्त्वाचं. मुलगा बोलायला लागल्यावर त्याच्याकडे गेलात तर तुम्ही आवाजाच्या मागे धावलात. आईचं वाक्य संपतं, उत्तर येत नाही, त्या रिकाम्या जागेत फोकस सरकवा. प्रेक्षक उत्तराची वाट बघत आधीच तिकडे गेलेला असतो.

करा : दिव्यांच्या माळा, आकाशकंदील, गाड्यांचे दिवे धूसर करायचे असतील तर शक्यतो ३२ बिट आणि लिनियर लाइटमध्ये काम करा. एरवी दिवे राखाडी डागांसारखे मळकट होतात. लिनियरमध्ये त्यांचा उजेड टिकतो आणि ठिपका झगमगतो.

टाळा : आउट ऑफ फोकस आलेला शॉट ‘कलात्मक’ ठरवण्यासाठी आणखी धूसर करणं. शॉट हुकला असेल तर बदला किंवा लहान करून वापरा.

टाळा : पूर्ण मुलाखतभर मागचं इतकं विरघळवणं की माणूस कुठे बसला आहे तेच कळू नये. विणकराच्या मागचा माग, शिक्षकामागचा फळा, मच्छीमारामागची होडी ही माहिती आहे. ओळखता येईल एवढीच धूसर करा.

हालचाल

डोळ्याला सवय आहे ती फ्रेमच्या निम्म्या वेळाइतकं शटर उघडं राहण्याची. २५ फ्रेमला १/५० सेकंद. यालाच १८० अंशांचं शटर म्हणतात. हात हलला की त्याची पुसट रेघ उमटते आणि हालचाल सलग वाटते. भर उन्हात मोबाईलचं शटर हजाराव्या हिश्श्यापर्यंत खाली जातं. प्रत्येक फ्रेम कोरीव येते आणि हालचाल तुटक. यावर खरा उपाय शूटिंगच्या वेळी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोरची उजेड कमी करणारी काच. तो राहून गेला असेल तर रीलस्मार्ट मोशन ब्लरसारखं प्लगइन किंवा रिझॉल्व्ह स्टुडिओतला मोशन ब्लर हालचाल मोजून त्या-त्या भागापुरती रेघ ओढतो.

करा : टायटल, फोटो, ग्राफिक सरकवत असाल तर त्यांना मोशन ब्लर द्या. प्रीमिअरमध्ये मूळ मोशनच्या कीफ्रेमना तो मिळत नाही. ट्रान्सफॉर्म हा इफेक्ट लावून सरकवा, त्यातल्या कॉम्पोझिशनच्या शटर अँगलसमोरची टिक काढा आणि १८० लिहा. फरक लगेच दिसतो.

करा : झटक्यात कॅमेरा वळवून केलेला व्हिप पॅन जोडताना दोन्ही शॉटची दिशा एकच ठेवा. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या शॉटनंतर उजवीकडून डावीकडे येणारा शॉट जोडला तर डायरेक्शनल ब्लर कितीही वाढवा, धक्का बसणारच. कट सर्वांत धूसर फ्रेमवर ठेवा. ब्लर तीन-चार फ्रेममध्ये चढवा आणि तितक्याच वेळात उतरवा.

करा : कधीकधी उलटंही करा, ब्लर काढून घ्या. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या (१९९८) युद्धदृश्यांसाठी यानुश कामिन्स्कीने शटर ९० आणि ४५ अंशांपर्यंत आवळलं. उडणारी माती कणाकणाने दिसते, सैनिकांच्या हालचाली झटके देतात, अंगावर येतात. दुसऱ्या टोकाला वाँग कार-वायचा ‘चुंगकिंग एक्सप्रेस’ (१९९४). पाठलागाच्या दृश्यात कमी वेगाने शूट करून फ्रेमा पुन्हा-पुन्हा छापल्या आहेत. गर्दीच्या रंगीत रेघा होतात, माणूस मात्र थबकल्यासारखा. हे टाइमलाइनवर जमवायचं असेल तर शटर लांब ठेवून शूट करा, मग फ्रेमरेट आठ-दहापर्यंत उतरवा. नुसता डायरेक्शनल ब्लर लावून ती घालमेल येत नाही.

टाळा : उभ्या उडीला आडवा ब्लर. ऐकायला बाळबोध वाटेल, पण प्रीसेट जसाच्या तसा लावला की हेच होतं. कोन हालचालीशी जुळवा.

टाळा : प्रत्येक कटवर झूम ब्लरचं ट्रान्झिशन. एका व्हिडिओत त्याची जागा एखादीच असते.

उभा व्हिडिओ आडव्या चौकटीत

१९२० × १०८० च्या फ्रेममध्ये ९:१६ चा उभा व्हिडिओ जेमतेम ६०८ पिक्सेल रुंदी व्यापतो. दोन तृतीयांशाहून जास्त पडदा रिकामा. तिथे त्याच व्हिडिओची मोठी, धूसर प्रत मागे टाकायची पद्धत पडली आहे. शॉटकटसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार फिल्टरही आहे.

करा : मागची प्रत गडद करा, तिचे रंग निम्म्याने उतरवा आणि ब्लर भरपूर द्या, इतका की मागे नेमकं काय हलतं आहे ते कळूच नये. हालचाल फार असेल तर एकच फ्रेम गोठवून तीच धूसर ठेवा. बातमीपटात साधी गडद रंगाची पट्टी मला जास्त आवडते, नजर कुठेच भरकटत नाही.

टाळा : अपघात, आग, अंत्ययात्रा यांच्या मोबाईल चित्रणामागे तेच दृश्य दुप्पट मोठं करून डोलवणं. दुःखाची आरास होते.

चेहरा आणि अक्षरं

करा : त्वचा मऊ करायची तर कडा ओळखणारा ब्लर वापरा आणि तो मास्क करून गाल, कपाळ एवढ्यापुरताच ठेवा. डोळे, भुवया, ओठ, दाढी, केस यांना हात लावू नका. मग लेअरची ओपॅसिटी निम्म्यावर आणा. नवरीच्या चेहऱ्यावरची हळदीची पिवळी झाक आणि घामाची चमक ही त्या दिवसाची नोंद आहे. वीस वर्षांनी ती फिल्म बघताना तिला स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे.

टाळा : आजी-आजोबांच्या सुरकुत्या पुसणं.

करा : स्वप्नाळू झाक हवी असेल तर स्पष्ट चित्र खाली ठेवून त्याचीच धूसर प्रत वर स्क्रीन किंवा सॉफ्ट लाइट मोडमध्ये टाका, २० ते ३० टक्के ओपॅसिटीवर. छायाचित्रकार मायकल ऑर्टन यांनी १९८०च्या दशकात एक स्पष्ट आणि एक धूसर अशा दोन स्लाइड एकावर एक ठेवून ही रीत रूढ केली. तपशील टिकतो, उजेड पाझरतो.

करा : चित्रावर मराठी अक्षरं येणार असतील तर त्यांच्यामागचा पट्टा थोडा धूसर आणि थोडा गडद करा. नुसता धूसर पुरत नाही. उजळ आकाश धूसर झालं तरी उजळच राहतं आणि पांढरी शिरोरेषा त्यात हरवते.

टाळा : देवनागरी अक्षरांवर ब्लरमधून उमलणारं ॲनिमेशन लांबवणं. अनुस्वार, रफार, उकार हे लहान अवयव सगळ्यात शेवटी स्पष्ट होतात. तोवर वाचणारा चुकीचा शब्द वाचून मोकळा होतो. सहा-आठ फ्रेममध्ये आटपा.

आकडे, कडा आणि पट्टे

टाळा : एका प्रोजेक्टमधला आकडा दुसऱ्यात तसाच नेणं. ब्लर बहुतेक ठिकाणी पिक्सेलमध्ये मोजतात. १०८०च्या टाइमलाइनवर २० ला जेवढा दिसतो तेवढाच ३८४० पिक्सेलच्या फोर-के टाइमलाइनवर हवा असेल तर ४० लागतील.

करा : ब्लर लावल्यावर फ्रेमच्या चारी कडा बघा. बाहेरचा काळा रंग आत ओढला जाऊन कडा मळकट होतात. प्रीमिअरमध्ये रिपीट एज पिक्सेल्सवर टिक करा, रिझॉल्व्हमध्ये बॉर्डरचा प्रकार बदला.

करा : धूसर आकाश, भिंत, धुकं यावर पट्टे पडतात का तपासा. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये १०२४. ब्लरने मूळचा कण पुसला की त्या पायऱ्या उघड्या पडतात. ब्लरच्या वर हलकासा ग्रेन टाका, पट्टे मोडतात. क्रम हाच ठेवा : आधी स्थिरीकरण, मग ट्रॅकिंग, मग ब्लर, शेवटी ग्रेन. ग्रेनवर ब्लर दिला तर ग्रेन टाकून उपयोग काय?

ओळख लपवताना

इथे कलेचा विषय मागे पडतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ होतं. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४ आहे. पण कायदा नसता तरी कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला तुम्ही शब्द दिलेला असतो.

टाळा : हलका, आकार कळेल असा ब्लर. २०१६ साली टेक्सास विद्यापीठ (ऑस्टिन) आणि कॉर्नेल टेकच्या संशोधकांनी दाखवून दिलं की मोझॅक किंवा ब्लरमागचे चेहरे शिकवलेली संगणक प्रणाली बऱ्याचदा ओळखू शकते. माणसाच्या डोळ्याला न कळणारं यंत्राला कळतं. चेहरा पिळवटणारा स्वर्ल तर मुळीच नको. २००७ मध्ये पोलिसांनी तसा पिळवटलेला एका गुन्हेगाराचा फोटो उलटा फिरवून त्याला पकडलं. तेव्हा ते भल्यासाठी झालं, पण साक्षीदाराचा चेहराही तसाच परत मिळवता येतो.

करा : जिथे धोका खरा आहे तिथे भरीव रंगाचा ठोकळा वापरा, किंवा आधी खूप मोठ्या चौकटींचं मोझॅक आणि त्यावर ब्लर. खाते क्रमांक, आधार क्रमांक, फोन नंबर यांवर नेहमी भरीव पट्टीच. अंक दहाच असतात, धूसर आकारावरून अंदाज बांधणं अवघड नसतं.

करा : ट्रॅकिंग झाल्यावर पूर्ण क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. माणूस मान वळवतो, हात चेहऱ्यासमोर येतो, कुणीतरी मधून जातं, तिथे मास्क घसरतो. एक फ्रेम उघडी राहिली तरी व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढणारा असतोच. मास्क डोक्यापेक्षा सढळ मोठा ठेवा, फेदर आत न घेता बाहेर द्या आणि क्लिपच्या पहिल्या-शेवटच्या फ्रेमवर तो आहे ना ते वेगळं तपासा. क्रॉस डिझॉल्व्हच्या आधाराने लांबलेल्या फ्रेमही मोजा.

करा : चेहऱ्यापलीकडे बघा. कपाटाचा आरसा, टीव्हीची बंद काच, शाळेचा गणवेश, दुचाकीचा नंबर, दारावरची पाटी, हातावर गोंदलेलं नाव. आणि आवाज. नुसता पिच बदलला तर तो परत फिरवता येतो. दुसऱ्या कुणाकडून तेच शब्द वाचून घेणं जास्त सुरक्षित.

करा : ब्लरशिवाय काय करता येईल याचा विचार शूटच्या आधी. हातांचे शॉट, पाठमोरी बैठक, खिडकीसमोरची सावली, रेखाटनं. धूसर चेहऱ्याच्या माणसाकडे प्रेक्षक आरोपी म्हणून बघतो, बातम्यांनी तशी सवय लावली आहे. डेव्हिड फ्रान्सच्या ‘वेलकम टू चेचन्या’ (२०२०) या माहितीपटात छळापासून पळणाऱ्या समलिंगी माणसांच्या चेहऱ्यांवर स्वयंसेवकांचे चेहरे संगणकाने बसवले. ओळख लपली, पण भीती, थकवा, हसू पडद्यावर उरलं. एवढी साधनं प्रत्येकाकडे नसतात. तरी आपण लपवतो आहोत तो जिवंत चेहरा आहे, हे भान कुणालाही ठेवता येईल.

टाळा : थंबनेल, प्रोमो आणि रील मूळ क्लिपवरून कापणं. ब्लर मुख्य टाइमलाइनवर असतो आणि घाईत प्रोमो कच्च्या फुटेजवरून निघतो. संवेदनशील क्लिपची ब्लर पक्का बसवलेली प्रत आधी एक्स्पोर्ट करा आणि सगळ्यांनी तीच वापरायची असं ठरवा. तपासणीसाठी पाठवलेले जुने ड्राफ्ट आणि त्यांच्या लिंक काढून टाका.

करा : फायनल एक्स्पोर्ट प्रसिद्धीआधी त्या व्यक्तीला दाखवा, फोनवर पाठवून नव्हे, तर शेजारी बसून. आपल्या घरातल्या कोणत्या वस्तूवरून गल्लीतले लोक आपल्याला ओळखतील, हे तिलाच कळतं. तिने सांगितलेले बदल करून पुन्हा रेंडर करायला दोन दिवस हाताशी राहतील, अशीच प्रसिद्धीची तारीख ठरवा.